फोटोशॉपमधील पोर्ट्रेट रिटचिंग: त्वचेचा पोत राखणारी साधने आणि पुसून टाकणारी साधने

व्यक्तिचित्राच्या रिटचिंगची (फोटोतील दोष सुधारण्याच्या कामाची) खरी कसोटी त्वचेवर लागते. मुरुम गेला पाहिजे, पण त्याच्याबरोबर आजूबाजूची रंध्रे जाता कामा नयेत. डोळ्यांखालचा काळेपणा कमी व्हावा, पण तिथली घडी जागेवर राहावी. या एकाच निकषावर अडोबी फोटोशॉपमधील साधने पारखल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, नैसर्गिक रिटचिंगसाठी जे जे लागते ते सर्व या सॉफ्टवेअरमध्ये आहे, मात्र ते त्यातल्या झटपट साधनांमध्ये सापडत नाही.

माझ्या लेखी पहिला मान हीलिंग ब्रशचा. २००२ साली फोटोशॉप ७ बरोबर आलेले हे साधन आजही पोर्ट्रेटच्या कामाचा कणा आहे. क्लोन स्टॅम्प एका जागचे पिक्सेल उचलून दुसरीकडे जसेच्या तसे बसवतो, त्यामुळे गालाचा उजळ भाग जबड्याच्या सावलीत नेला की ठिगळ लगेच डोळ्यांत भरते. हीलिंग ब्रश मात्र उचललेल्या जागेचा पोत घेतो आणि रंग व प्रकाश जिथे लावायचे तिथल्या परिसराशी जुळवून घेतो; म्हणूनच मुरुम काढल्यावरही त्या जागी रंध्रे आणि बारीक लव दिसत राहते. नमुना घेताना तो शक्यतो जवळूनच घ्यावा, कारण कपाळाचा पोत वेगळा आणि नाकाचा वेगळा असतो. हेच काम कोऱ्या लेअरवर (फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक थरावर), ‘करंट अँड बिलो’ हा चालू आणि खालच्या लेअरवरून नमुना घेणारा पर्याय निवडून केले की मूळ फोटोला धक्का लागत नाही आणि मन बदलल्यास तेवढाच भाग पुसता येतो. केसांच्या रेषेपाशी किंवा ओठांच्या कडेला मात्र हा ब्रश शेजारचा गडद रंग ओढून घेतो आणि तिथे मळकट डाग उमटतो. अशा ठिकाणी कमी ओपॅसिटीचा (अपारदर्शकतेचा) क्लोन स्टॅम्पच बरा. डोळ्यांखालच्या वर्तुळांसाठी हीलिंग वेगळ्या लेअरवर करून त्या लेअरची ओपॅसिटी निम्म्याच्या आसपास आणावी. ती वर्तुळे पूर्ण पुसली तर डोळ्यांची खोलीच नाहीशी होते आणि चेहरा अनोळखी वाटू लागतो.

फ्रीक्वेन्सी सेपरेशन या पद्धतीचा बोलबाला फार आहे, आणि तिचा गैरवापरही तितकाच होतो. यात फोटोचे दोन लेअर केले जातात: खालच्या लेअरवर गॉशियन ब्लर (धूसर करणारे फिल्टर) देऊन फक्त रंग आणि छटा ठेवायच्या, वरच्या लेअरवर पोत वेगळा काढायचा आणि त्याचा ब्लेंड मोड (खालच्या लेअरमध्ये मिसळण्याची पद्धत) लिनिअर लाइट करायचा. रंध्रे नुकतीच दिसेनाशी होतील एवढीच ब्लरची त्रिज्या असावी. कल्पना उत्तम आहे, पण खालच्या लेअरवर मोठमोठे भाग निवडून ते धूसर करत गेले की गालाचा उंचवटा, नाकाची कडा, हनुवटीखालची सावली सारे एकसारखे होते. पोत तर शाबूत असतो, तरीही चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा दिसतो, आणि नेमके काय बिघडले ते करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्यापेक्षा डॉज अँड बर्न कितीतरी प्रामाणिक: दोन कर्व्ह्ज लेअर, एक उजळणारा आणि एक गडद करणारा, दोन्हींचे मास्क (परिणाम कुठे दिसावा हे ठरवणारी आवरणे) काळे, म्हणजे परिणाम लपवलेला, आणि एक ते तीन टक्के फ्लो (ब्रशमधून रंग उतरण्याचा वेग) ठेवून मऊ पांढऱ्या ब्रशने एकेक डाग हळूहळू आजूबाजूच्या छटेशी मिळवत जायचे. वेळ खूप जातो, हे खरे. पण पोताला हात न लावता केवळ प्रकाशाचे असमान ठिपके सारखे होत असल्याने इतका विश्वासार्ह परिणाम दुसऱ्या कशातूनही मिळत नाही.

न्यूरल फिल्टर्समधील स्किन स्मूदिंग हे २०२० साली आलेले साधन चेहरा आपोआप ओळखून त्वचा गुळगुळीत करते. मला ते मूळ प्रमाणात कधीच पटले नाही. आठवडाभरात जाणारी पुटकुळी आणि जन्मापासून असलेला तीळ यांतला फरक त्या व्यक्तीलाच ठाऊक असतो, स्लायडरला नव्हे. तीळ, व्रण आणि हसण्याच्या रेषा विचारल्याशिवाय काढू नयेत, असे मी ठामपणे म्हणेन. वापरायचेच असेल तर परिणाम नव्या लेअरवर घ्यावा, मास्कने डोळे, ओठ आणि भुवया वगळाव्यात आणि ओपॅसिटी बरीच उतरवावी. फेस-अवेअर लिक्विफायने डोळे मोठे आणि जबडा निमुळता करणे हा तर रिटचिंगच्या मर्यादेपलीकडचा प्रकार आहे.

दातांच्या बाबतीत उजळपणा वाढवण्याऐवजी पिवळ्या रंगाचे सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) थोडे कमी करावे, एवढे पुरते.

काम करताना विंडो मेनूतील ‘अरेंज’मधून त्याच फोटोची दुसरी विंडो उघडून ठेवण्याची सोय फार उपयोगी आहे. एका विंडोत शंभर टक्के आकारावर डाग दिसतात आणि दुसरीत पूर्ण चेहरा दिसत राहतो, त्यामुळे लांबून कोणालाही न दिसणाऱ्या बारकाव्यांच्या मागे लागणे आपोआप थांबते.

ज्यांना एका वेळी शेकडो फोटो हातावेगळे करायचे असतात, त्यांना ही सारी पद्धत परवडणार नाही. त्यांच्यासाठी अडोबीचेच लाइटरूम हे सॉफ्टवेअर अधिक सोयीचे आहे: २०२२ पासून त्यात चेहऱ्याची त्वचा, डोळे, ओठ, दात यांचे मास्क आपोआप तयार होतात, आणि फक्त त्वचेच्या मास्कवर टेक्स्चर स्लायडर उणे दहा ते उणे वीसच्या दरम्यान ठेवला तर त्वचा मऊ दिसते, तरी रंध्रे राहतात. मुरुम तेवढे त्यातल्या हील साधनाने हाताने काढावे लागतात.