कोडॅक कॅरोसेल आणि घरी बनवलेल्या ३५ एमएम स्लाइड: ठाण्याच्या वर्गात पावसाळा-उन्हाळा वापरल्यावर

यंत्र म्हणजे कोडॅक कॅरोसेल एस-एव्ही २०५० हा जर्मन बनावटीचा स्लाइड प्रोजेक्टर. स्लाइड म्हणजे छोट्या चौकटीत बसवलेला फिल्मवरचा रंगीत फोटो, तो हे यंत्र पडद्यावर मोठा करून दाखवतं. दिवा २४ व्होल्ट, २५० वॉटचा हॅलोजन, ट्रे ८० खाचांची. काम शिल्प आणि वास्तुकला शिकवण्याचं. स्लाइडही इथेच काढलेल्या आणि धुतलेल्या.

मत आधीच देऊन टाकतो. यंत्र दणकट आहे आणि त्याचा त्रास फारसा नाही. त्रास आहे तो आपल्या हवेचा. खाडीकाठच्या दमट हवेत स्लाइडचं काम नीट व्हायचं, तर निम्मं लक्ष ओलाव्याकडेच द्यावं लागतं. त्याची तयारी असेल तर पडद्यावर जे दिसतं त्याला तोड नाही. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या (शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०) बाहेरच्या भिंतीवरचा काळा बेसाल्ट, त्यातल्या खोल सावल्या आणि उन्हात उजळलेल्या कडा एकाच चित्रात टिकतात. नेहमीच्या वर्गातला डिजिटल प्रोजेक्टर त्या सावल्यांचा करडा चिखल करतो. मजकूर आणि तक्ते मात्र डिजिटलवरच दाखवावेत, त्यासाठी फिल्म वाया घालवू नये.

कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये थांबवलं, त्यामुळे मिळेल ते जुनंच. अमेरिकेहून कुणी आणलेलं १२० व्होल्टचं कॅरोसेल फुकट मिळालं तरी विचार करा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, पण वारंवारता ५० हर्ट्झच राहते. ६० हर्ट्झसाठी बनवलेली पंख्याची मोटर मग साधारण एक षष्ठांशाने हळू फिरते, वारा कमी पडतो आणि स्लाइड जास्त तापते. एस-एव्ही मालिकेतली यंत्रं आपल्या विजेवर थेट चालतात. दिव्यासाठी मुंबईच्या लोहार चाळीत चौकशी करा. ओव्हरहेड प्रोजेक्टरमध्येही २४ व्होल्ट २५० वॉटचा दिवा वापरत, त्यामुळे तो अजून सापडतो. काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून दिव्याची क्वार्ट्झची काच पांढुरकी पडते आणि दिवा लवकर जातो.

लेन्स घेण्याआधी खोली मोजा. चित्राची रुंदी म्हणजे माउंटच्या, म्हणजे स्लाइडच्या चौकटीच्या, खिडकीची रुंदी (सुमारे ३४ मिमी) गुणिले अंतर भागिले फोकल लेन्थ. ८५ मिमीची लेन्स ४ मीटरवरून १.६ मीटर रुंद चित्र देते. १५० मिमीच्या लेन्सला तेवढ्यासाठी ७ मीटर लागतात. १५० चीच घ्यावी. यंत्र शेवटच्या बाकामागे जातं, पंख्याचा आवाज शिकवणाऱ्याच्या कानाशी येत नाही आणि मुलांची डोकी प्रकाशात येत नाहीत. पडदा चौरस हवा, किमान १.८ बाय १.८ मीटर. मूर्ती आणि खांब उभ्या चौकटीतच येतात. शाळा-कॉलेजांतल्या आडव्या १६:९ पडद्यावर उभ्या स्लाइडचं डोकं आणि पाय दोन्ही बाहेर जातात.

आता पुस्तकातल्या चित्रांची कॉपी. निकाल इथेच लागतो. कॅमेरा खाली तोंड करून धरणाऱ्या कॉपी स्टँडवर लावल्यावर खालच्या फळीवर आरसा ठेवा. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध लेन्सचंच प्रतिबिंब दिसलं की कॅमेरा आणि फळी समांतर आहेत. स्पिरिट लेव्हलपेक्षा हे खात्रीचं, कारण फळी स्वतःच कलती असू शकते. दोन दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत, सारख्या अंतरावर. फिल्म डेलाइट, म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असल्याने ५५०० केल्व्हिनचे, रंग नीट दाखवणारे एलईडी घ्या. ३२०० केल्व्हिनच्या दिव्यांवर काम केलं तर निळा ८०ए फिल्टर लागतो आणि दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). पानामागे काळा कागद सरकवायला विसरू नका, नाहीतर मागच्या बाजूची छपाई फिल्मवर उमटते. गुळगुळीत आर्ट पेपरमध्ये कॅमेऱ्याची चकाकी दिसत असेल तर काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून तो लेन्सभोवती धरा.

मोजणी थेट पानावरून घेऊ नका. मीटर पांढऱ्या पानाला करडं समजतो आणि स्लाइड दोनेक स्टॉपने गडद होते. १८ टक्के ग्रे कार्डवरून (ठरावीक करड्या रंगाच्या पुठ्ठ्यावरून) मोजा, लेन्स एफ ८ वर ठेवा आणि महत्त्वाच्या चित्राला अर्धा स्टॉप वर-खाली असे तीन फोटो घ्या. स्लाइड फिल्म चूक माफ करत नाही. निगेटिव्हसारखं प्रिंट काढताना सावरून घेण्याची सोय इथे नाही. चित्रासोबत अक्षरं घ्यावीच लागली तर १६ बाय २४ सेंमीच्या चौकटीत त्यांची उंची ३ मिमीच्या वर ठेवा, म्हणजे मागच्या बाकावरूनही वाचता येतात.

फिल्म कोडॅकची एक्टाक्रोम ई१००. ही जात २०१२ मध्ये बंद झाली होती, २०१८ मध्ये परत आली. ई-६ (रंगीत स्लाइड फिल्म धुण्याच्या) प्रक्रियेत पहिला डेव्हलपर ३८ अंशांवर, ६ मिनिटं. फरक ०.३ अंशाच्या आत हवा. तापमान वाढलं तर स्लाइड फिकी, घटलं तर गडद. इथे मात्र आपली हवा कामी येते. खोलीच ३० अंशांच्या पुढे असल्याने पाण्याचं टब ३८ वर टिकवणं सोपं जातं. तीन द्रावणांचं किट वापरत असाल तर वेळ किटच्या कागदावर असेल तोच पाळा.

धुऊन झाल्यावर पावसाळ्यात वाळायला फार वेळ लागतो. तोवर जिलेटिन मऊ असतं आणि उडालेला प्रत्येक कण त्यात रुततो. फिल्म बाथरूममध्ये टांगून दार बंद ठेवा, पंखा अजिबात नको.

माउंटचा प्रश्न अवघड आहे. पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये फिल्म तापून फुगते आणि चित्र डोळ्यांदेखत धूसर होतं, पुन्हा फोकस करावा लागतो. काचेचा माउंट (गेपेचे चांगले असतात) फिल्म सपाट धरतो. पण जुलैत भरलेल्या काचेच्या स्लाइडमध्ये अडकलेला ओलावा दिव्याच्या उष्णतेने वाफ होतो आणि पडद्यावर ढगाळ ठिपके सरकताना दिसतात. पुढे तिथेच बुरशी लागते. उपाय एकच: माउंट आणि फिल्म दोन्ही सिलिका जेलच्या घट्ट डब्यात दोन दिवस ठेवून मगच बंद करा. ॲन्टी-न्यूटन काच फिल्मच्या चकचकीत बाजूला लावा, इंद्रधनुषी वलयं त्याच बाजूला पडतात. जेल गुलाबी झाली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर निळी होईपर्यंत तापवा. साठवायला पॉलिप्रॉपिलीनची पानं घ्या, मऊ पीव्हीसीची नकोत.

ट्रे भरताना चित्र सुलटं धरून खालच्या डाव्या कोपऱ्यात ठिपका काढा, मग स्लाइड पलटी न करता फक्त डोकं खाली करून खाचेत टाका. यंत्रामागून पाहताना सगळे ठिपके वरच्या उजव्या कोपऱ्यात दिसायला हवेत. १४० खाचांची ट्रे मोहात पाडते, पण ती पातळ पुठ्ठ्याच्या माउंटपुरतीच, जाड काच अडकते. स्लाइड अडकलीच तर ओढाओढ करू नका. ट्रेच्या मध्यभागचा स्क्रू नाण्याने फिरवला की ट्रे वर उचलता येते. तास संपल्यावर दिवा बंद करून पंखा काही मिनिटं चालू ठेवा. वीज मध्येच गेली तर पंखाही थांबतो, त्यामुळे ट्रे काढा आणि यंत्र निवेपर्यंत त्याला हात लावू नका.

एक स्लाइड मिनिटभरापेक्षा जास्त दाखवू नका, रंग उडतात. कॉलेजच्या कपाटात कोडॅकच्या जुन्या कोडाक्रोम फिल्मवरच्या स्लाइड असतील तर विशेष जपा. अंधारात त्या अनेक दशकं टिकतात, प्रकाशात मात्र लवकर फिकटतात. त्यांच्या प्रती काढून प्रतीच दाखवाव्यात. चर्चेसाठी थांबायचं तिथे काळा पुठ्ठा घातलेला माउंट ट्रेमध्ये ठेवा.

शिल्पाची तुलना शिकवायची असेल तर दुसरं यंत्र शेजारी ठेवण्याजोगं आहे. लेन्स दोन्हींना एकाच फोकल लेन्थच्या हव्यात आणि दिवे एकाच दिवशी बदलायला हवेत. एक दिवा जुना राहिला की त्या बाजूचा दगड पिवळसर आणि मंद दिसतो, आणि मुलं तो फरक दगडाचाच समजून वहीत उतरवतात.