दारात सोनचाफा लावावा की बकुळ?

अंगणात एकाच मोठ्या झाडापुरती जागा आहे आणि झाड सुवासिक फुलांचंच हवं, असं ठरलं की कोकणात तरी बोलणं फिरून फिरून दोन नावांवर येतं: सोनचाफा आणि बकुळ. दोन्ही बारमाही हिरवी, दोन्ही आपल्या हवेतली. मी दोन्ही झाडांच्या सोबतीने राहिलोय. आमच्या जुन्या घराच्या मागीलदारी सोनचाफा होता, आणि दापोलीजवळ नवं घर बांधलं तेव्हा पुढच्या अंगणात बकुळ लावली. असं का केलं ते सांगतो. तुमची माती, जागा आणि घरातली माणसं वेगळी असतील तर तुमचं उत्तरही वेगळं येईल, हे मान्य करूनच.

आधी सोनचाफ्याची बाजू, कारण ती भक्कम आहे. वेलणकर जातीचं कलम आणलं तर वर्ष-दोन वर्षांत फूल दिसतं. झाड कमरेएवढं असतानाच पहिल्या कळ्या धरतात, आणि त्या दिवशी घरातली प्रत्येक व्यक्ती ते फूल बघून जाते. बियांपासून वाढवलेलं रोप यासाठी सात-आठ वर्षं सहज घेतं, त्यामुळे कलमाखेरीज दुसरा विचार करू नये. बहर पावसाळ्यात जोरात असतो, म्हणजे गौरी-गणपतीला घरचं फूल मिळतं. वासाबद्दल तर बोलायलाच नको: दमट संध्याकाळी मागीलदारचा चाफा पुढच्या ओटीवर कळायचा. आणखी एक लोभस गोष्ट म्हणजे ‘टेल्ड जे’ हे हिरव्या ठिपक्यांचं फुलपाखरू त्याच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतं. अळ्यांनी थोडी पानं खाल्ली तरी झाडाचं काही बिघडत नाही. औषध मारू नका.

बकुळीकडे यातलं बरंचसं नाही. रोप जमिनीत गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ते जिवंत आहे एवढंच समाधान असतं. फुलं यायला काही वर्षं जातात, आणि आमच्याकडे बहर मुख्यतः उन्हाळ्यातला, पावसाच्या सुरुवातीपर्यंत चालणारा. भाद्रपदात तिच्याकडून काही मागू नये. सुकलेल्या बकुळीचा वास महिनोन्‌महिने टिकतो, हे कुणीही सांगेल आणि ते खरंच आहे; पण माझा निर्णय त्यावर झाला नाही.

तो झाला फूल हातात कसं येतं यावर.

सोनचाफ्याचा ओढा सरळ वर जायचा. खालच्या फांद्या हळूहळू विरळ होतात आणि फुलं शेंड्याकडे सरकतात. आमचं झाड कौलांच्या वर गेल्यापासून रोज सकाळी आकडी, म्हणजे टोकाला आकडा असलेली लांब काठी, घेऊन कुणीतरी मान वर करून उभं, हा घरचा नेम झाला. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा आई. चाफ्याचं लाकूड ठिसूळ. आकडी देठाला नेमकी लागली तर फूल येतं, नाहीतर कट्‌ आवाज होऊन अख्खी डहाळी खाली. फुलं पानांच्या बेचक्यात एकेक लागतात, म्हणून त्या तुटलेल्या डहाळीवर पुढच्या आठवड्यात उमलायच्या कळ्याही असतात, हिरव्या, टोकदार, केसाळ आवरणातल्या. आई त्या हातात धरून बघत राहायची. पुन्हा हे सगळं वेळेत व्हायला हवं. फूल झाडावरच राहिलं तर ऊन चढेस्तोवर पाकळ्या सैल होतात आणि सुट्या होऊन गळतात. जोरात धरलं, पाकळी दुमडली, तरी तिथे तपकिरी डाग पडतो. सोनचाफा घरी असला तरी रोजच्या रोज, उंचावरून आणि नाजूक हाताने काढावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या घरात हे रोजचं ओझं होतं.

यावर उपाय नाही असं नाही. वसईचे बागायतदार झाडं छाटून हाताच्या उंचीवर ठेवतात, भल्या पहाटे फुलं काढतात आणि ती दादरच्या फूलबाजारात पोचतात. कलम गुडघ्याच्या वर आलं की शेंडा खुडायचा, तीन-चार फांद्या चहूकडे वळवायच्या आणि दरवर्षी बहर ओसरल्यावर छाटणी करायची. बागेचं काम अंगवळणी असेल त्याला हे अवघड नाही. पण घरच्या झाडाला एक वर्ष लग्नकार्य निघतं, एक वर्ष आजारपण, आणि दोन वर्षं कोयती लागली नाही की झाड पुन्हा वर. माझा अनुभव असा. तुमच्या घरी नियमाने छाटणी करणारं माणूस असेल तर माझा हा मुद्दा बराचसा गळून पडतो.

बकुळीचं फूल झाडावरून काढायचंच नसतं. पहाटे ते आपणहून गळतं, अखंड, मधोमध छिद्र घेऊन. आदल्या रात्री झाडाखाली जुनं लुगडं पसरायचं आणि सकाळी चारी टोकं उचलायची. आई ओटीवर बसून ती फुलं केळीच्या सोपाच्या धाग्यात ओवते. सुई नको, गाठ नको. शेजारची पोरं येऊन आपापला वाटा वेचून नेतात आणि त्यांच्यावर ओरडायची वेळ येत नाही, कारण फांदी मोडायचा प्रश्नच उरत नाही. जूनचा पाऊस सुरू झाला की फुलं चिखलात पडतात आणि हे सुख संपतं, तेवढं खरं.

बकुळीचा त्रासही सांगायला हवा, नाहीतर ही तुलना एकतर्फी होईल. फुलांमागून नारिंगी फळं धरतात, पिठूळ, गोडसर-तुरट. ती खायला रात्री वटवाघळं येतात. सकाळी तुळशीच्या कट्ट्यावर, गाडीच्या टपावर आणि वाळत राहिलेल्या कपड्यांवर चोथा, बिया आणि विष्ठेचे डाग. फरशीवर चिरडलेल्या फळाचा डाग लगेच घासला नाही तर राहतो. म्हणून झाड भिंतीपासून निदान पंधरा फूट लांब आणि गाडी उभी राहते त्या बाजूला मुळीच नाही, एवढं पाळा. अंगण पूर्ण फरशीचं असेल आणि रोज धुणारं कुणी नसेल, तर मी स्वतः बकुळीचा आग्रह धरणार नाही.

मातीचं थोडक्यात. जांभ्याच्या उतारावर दोन्ही लागतात. पाणी साचणाऱ्या जागी सोनचाफा टिकत नाही. मुळं कुजतात, पानं पिवळी पडून शेंड्याकडून झाड वाळत येतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे चाफ्याचं कलम उंचवट्यावरच लावतात. देशावरच्या भारी, चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याची पानं फिकट पडतात. तिथे बकुळ जास्त समजूतदार. किडीचंही तसंच. चाफ्याच्या फांद्यांवर खवले कीड बसते, मुंग्या लागतात, पानांवर काजळी धरते. वेळीच कापडाने पुसून, निंबोळी अर्काची फवारणी केली तर आटोक्यात राहतं. बकुळीला लहानपणी वाळवी आणि गुरांपासून जपलं की पुढे फारसं बघावं लागत नाही.

वाऱ्याबद्दल मी एक दिवस कधीच विसरणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेलं. आंबे, पोफळी, माड, काय काय पडलं ते इथल्या माणसांना ठाऊक आहे. जुन्या घरच्या चाफ्याचा निम्मा विस्तार मोडून कौलांवर आला. गावच्या देवळापुढची जुनी बकुळ पानं ओरबाडली जाऊनही उभी होती. दोन झाडांवरून सिद्धान्त मांडू नये, जागेचा आडोसाही फरक करतो. तरी बकुळीचं लाकूड हातात घेतलेला माणूस, त्याचा टणकपणा आणि वजन पाहिल्यावर, कारण विचारणार नाही.

गच्ची असेल तर मात्र माझं सगळं सोडा आणि सोनचाफाच घ्या. मोठ्या ड्रममध्ये, खाली भोकं पाडून, कलम छान फुलतं, उंचीही आपोआप हाताशी राहते. बकुळ कुंडीत नुसती हिरवी राहते. शहरात जमिनीवर लावणार असाल तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्यामुळे पुढे झाड तोडायला परवानगी लागते. दोन्हींसाठी जागा आधीच नीट विचार करून ठरवा.

आणि वाट बघायची तयारी नसेल, घरात फूल याच वर्षी-पुढच्या वर्षी हवं असेल, तर चाफ्याला मी नाही म्हणणार नाही. पण वडीलधारी माणसं, लहान मुलं आणि मातीचं अंगण असेल, तर बकुळच. तिच्या उशिराला तोड एकच, मोठं रोप आणणं: पिशवीत तीन-चार वर्षं वाढलेलं, पण मुळं पिशवीतच गोल गुंडाळलेली नसलेलं. एखादं पान देठाकडून तोडून बघा, चिकूसारखा पांढरा चीक दिसला तर रोप बकुळीच्याच कुळातलं असण्याची शक्यता जास्त. चिकू आणि बकुळ एकाच घराण्यातले. पहिला पाऊस मुरला की लावा, भोवती काट्यांचं कुंपण करा, आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्या. खालच्या फांद्या माणूस वाकून जाईल एवढ्याच उंचीपर्यंत काढा, त्याहून वर नको. सावली दाट राहिली की खाली गवत कमी वाढतं आणि फुलं वेचायला सोपी पडतात.