लुकर स्टुडिओ वापरून बघितलं: फुकटात काम भागतं, फक्त लाख-कोटी त्याला समजत नाहीत

छोट्या धंद्यासाठी डॅशबोर्ड (धंद्याचे आकडे आणि चार्ट एका पानावर दाखवणारा रिपोर्ट) करायचाय आणि त्यावर पैसे घालवायचे नाहीयेत तर बिनधास्त लुकर स्टुडिओ घ्या. गुगलचंच आहे, २०१६ ला डेटा स्टुडिओ नावाने आलं, ऑक्टोबर २०२२ मध्ये नाव बदललं, त्यामुळे यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ अजून जुन्या नावानेच सापडतात, ते बघितले तरी चालतं. माझं काम होलसेलचं, टॅलीतून विक्री आणि येणी एक्सेलमध्ये काढायची, गुगल शीटमध्ये चिकटवायची, पुढचं सगळं इथे.

वापरायला खरंच सोपं आहे. चार्ट उचलून कॅनव्हासवर टाकला, डायमेन्शनमध्ये (म्हणजे कशावार बघायचं) सेल्समन ओढला, मेट्रिकमध्ये (म्हणजे काय मोजायचं) रक्कम ओढली, झाला चार्ट. आणि गोची पण तिथेच होते, ओढायला काही लागत नाही म्हणून लोक ओढतच सुटतात. एका ओळखीच्या दुकानात बाहेरून पैसे देऊन करून घेतलेला डॅशबोर्ड बघितला, वर तीन गेज (गाडीच्या मीटरसारखे काटे), मध्ये महाराष्ट्राचा नकाशा (माल जातो दोन तालुक्यांत!) आणि डझनभर सेल्समनचा एकच पाय चार्ट (गोल, फोडी केलेला). सगळ्यात मागे कोण पडलंय विचारलं तर शेठ रंग जुळवत बसले. तेच साधे आडवे बार घ्या, मोठ्यापासून लहानापर्यंत सॉर्ट करा, शेवटचं नाव आपोआप दिसतं.

माझ्या पहिल्या पानावर वर चार आकडे, महिन्याची विक्री, वसुली, एकूण येणं आणि ९० दिवसांवरची उधारी. त्याखाली सेल्समनचे बार, त्याखाली पार्टीवार येण्याचं टेबल, त्यात ९० दिवसांच्या वरचं तेवढंच लाल, बाकी सगळं करडं. सगळंच रंगीत केलं की लालला कोण विचारतो. स्कोअरकार्डमध्ये (एकच मोठा आकडा दाखवणारा चौकोन) मागच्या वर्षीशी तुलना लावायची सोय आहे ती नक्की लावा, नुसता "१८.४ लाख" हा आकडा चांगला की वाईट हे कुणालाच सांगता येत नाही. पण दिवाळीचं भान ठेवा, २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि २०२५ ला २१ ऑक्टोबरला, मग ऑक्टोबरशी ऑक्टोबर लावला तर धंदा उगाच उड्या मारताना दिसतो. तेवढ्यापुरती तारखांची रेंज हाताने टाकायची.

आता खटकणाऱ्या गोष्टी. आकडा छोटा करून दाखव म्हटलं की हे के, एम, बी (हजार, मिलियन, बिलियन) मध्ये दाखवतं, म्हणजे १८.४ लाखाचं १.८ एम होतं, आता हे आमच्या दुकानात कुणाला वाचायला सांगू. उपाय सोपा आहे, कॅल्क्युलेटेड फील्ड (आपण सूत्र लिहून बनवलेला कॉलम) करून रकमेला १,००,००० ने भागायचं आणि नाव द्यायचं "विक्री लाखात". दुसरं म्हणजे तारखेच्या तयार पर्यायांत "हे वर्ष" म्हणजे जानेवारीपासून, आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं त्याची याला खबर नाही, तिथेही महिना ४ किंवा पुढचा असेल तर तारखेतलं तेच वर्ष नाहीतर मागचं अशी केस स्टेटमेंट (जर-तरचं सूत्र) लिहावी लागते. आणि चार्ट बनवायच्या आधी शीटच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेल (तारखा कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते) इंडिया आहे का बघाच. ते युनायटेड स्टेट्स असेल तर ०५/०४ लिहिलेलं ४ मे होतं आणि २५/०४ ची तारीखच बनत नाही, नुसता मजकूर राहतो. मग अर्धा महिना गायब दिसतो आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतात.

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्ड सॉफ्टवेअरशी तुलना लोक विचारतातच. त्याचं डेस्कटॉप व्हर्जन फुकट आहे पण विंडोजवरच चालतं, आणि व्यवस्थित शेअर करायचं तर प्रो लायसन्स लागतं, एप्रिल २०२५ पासून ते माणशी महिन्याला १० चं १४ डॉलर झालं. घाणेरडा डेटा साफ करायला त्यातली पॉवर क्वेरी मात्र एक नंबर, लुकर स्टुडिओ त्याच्या जवळपासही नाही. चार ब्रांचच्या चार तऱ्हेच्या फायली एकत्र करायच्या असतील तर सरळ तिकडे जा, फक्त डॅक्स (त्याची सूत्रांची भाषा) शिकायची तयारी ठेवा.

शेअरिंगमध्ये लुकर स्टुडिओ जिंकतं, बघणाऱ्याला लायसन्स लागत नाही, ओनर क्रेडेन्शियल (डेटा मालकाच्याच परवानगीने उघडायचा) ठेवलं की शीटचा ॲक्सेस न देताही रिपोर्ट दिसतो. "फिल्टर बाय ईमेल" नावाची एक सोय आहे, शीटमध्ये प्रत्येक ओळीसमोर सेल्समनचा ईमेल ठेवा, मग लॉगिन केल्यावर ज्याला त्याला आपल्याच पार्ट्या दिसतात. ही आधी लावा आणि मगच लिंक ग्रुपवर टाका, कारण लिंक असलेल्या कुणालाही दिसेल असं सेटिंग ठेवलंत तर कोणाची किती उधारी थकलीय हे अख्ख्या मार्केटला कळायला एक फॉरवर्ड पुरतो.