दोन पावसाळे, ३१ हजार किलोमीटर: फोर बाय फोरचा क्लच आणि रिकॉलचा अनुभव

२०२३च्या दसऱ्याला मॅन्युअल डिझेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी, घेतली. गाव अचलपूर तालुक्यात, वावर गावापासून अडीच किलोमीटर. मधली पांदण जुलै ते सप्टेंबर नुसती काळ्या चिखलाची. बाग संत्र्याची आहे, त्यामुळे त्या पांदणीतून जाणं चुकत नाही. घरी ट्रॅक्टर आहे, पण रात्री आईला दवाखान्यात न्यायचं झालं तर ट्रॅक्टर काय कामाचा? म्हणून ही गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही. मॅन्युअल फोर बाय फोर कुठलीही असो, पुढचं सगळं तिला लागू पडेल.

बाकी गाडी चांगली आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हाही एसी पुरतो, मागचं सस्पेन्शन कडक असलं तरी क्रेट भरले की बसतं, मायलेज बारा-तेरा मिळतं. खरं सांगायचं आहे ते क्लचबद्दल.

पहिल्या पावसाळ्यात, जून २०२४मध्ये, पहिली खूण दिसली. पांदणीत अर्धा तास हळूहळू चालवलं की क्लचचा पेडल सावकाश वर यायचा. थंड झाली की पुन्हा बरोबर. मी दुर्लक्ष केलं, आणि ते चुकलं. जुलैत घरच्या चौघांना घेऊन धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याला निघालो. घाटात तिसऱ्या गिअरला अॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन ओरडतंय, आरपीएमचा काटा चढतोय आणि वेग मात्र तिथंच. पाठोपाठ जळका वास. गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडून पाऊण तास थांबलो. बाबा म्हणाले, "बैलालेही चढावर दम खाऊ द्या लागते रे." तोपर्यंत मलाही वाटत होतं की चूक माझ्याच पायाची आहे.

ऑगस्टमध्ये अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरनंही तेच सांगितलं. "सर, तुम्ही हाफ क्लचवर चालवता. क्लच वॉरंटीत येत नाही." गिअरबॉक्स उतरवला, क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट बदलली, २१,४०० रुपये घेतले. जुनी प्लेट मी मागून घेतली. प्रेशर प्लेटवर निळे डाग होते आणि केसासारख्या बारीक भेगा.

दिवाळीनंतर संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडीत पुन्हा तेच सुरू झालं. नवी प्लेट, चार महिनेसुद्धा झाले नव्हते. त्यात मी पांदण टाळत होतो आणि पायही जपून ठेवत होतो. परतवाड्याच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी गरम होईस्तोवर चालवली, पेडल दहा-बारा वेळा दाबला आणि म्हणाले, "भाऊ, तुमचा पाय नाही. आतलं बेरिंग पुरतं वापस येऊन नाही राह्यलं."

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. अशा गाडीत क्लच तेलाच्या दाबावर चालतो. पेडल दाबला की गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसवलेला सिलिंडर बेरिंग पुढे ढकलतो, बेरिंग प्रेशर प्लेटच्या पात्या दाबतं आणि क्लच प्लेट सुटते. पाय काढला की बेरिंगनं पूर्ण मागे यायला हवं. ते जरासं जरी पुढे राहिलं, तर तुमचा पाय पेडलवर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. मग प्लेट घसरते, घसरली की तापते, आणि त्या उष्णतेनं सिलिंडर आणखी अडतो. म्हणजे हाफ क्लच चालू होता हे खरं, पण तो माझ्या पायानं होत नव्हता.

जानेवारी २०२५मध्ये भाच्यानं कंपनीच्या साईटवर चेसिस नंबर टाकून पाहिला. आमची गाडी रिकॉलमध्ये, म्हणजे दोषामुळे कंपनीनं दुरुस्तीला परत बोलावलेल्या गाड्यांत होती, त्याच सिलिंडरसाठी! ना पत्र आलं होतं ना फोन. त्या दिवशी फार राग आला. ऑगस्टमध्ये त्याच माणसांनी गिअरबॉक्स उतरवून तोच भाग डोळ्यांनी पाहिला होता आणि दोष माझ्या पायाला दिला होता.

रिकॉलचं काम एका फेरीत झालं नाही. भाग यायला एकोणीस दिवस लागले. बसवून गाडी घरी आणली तर पेडल स्पंजासारखा, पहिला गिअर खरडून पडायचा. क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा राहिली होती. पुन्हा साठ किलोमीटर जाणं, साठ येणं, तेही ऐन मृग बहाराच्या तोडीत. दुसऱ्यांदा मी पुढ्यात उभं राहून ब्लीडिंग, म्हणजे ती हवा काढायचं काम, करून घेतलं. जॉब कार्डवर रिकॉलचा क्रमांक आणि बदललेल्या भागाचा नंबर लिहून घेतला. ऑगस्टचं बिल जोडून परताव्याचा अर्ज दिला. महिनाभर उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर मजुरी आणि प्रेशर प्लेटचे पैसे परत आले, क्लच प्लेटचे नाही. ती झिजणारी वस्तू, असं त्यांचं म्हणणं. मला ते आजही पटलेलं नाही.

क्लचसाठी रिकॉल ही काही नवलाची गोष्ट नाही. डिसेंबर २०२२मध्ये महिंद्रानं स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही७०० यांच्या सुमारे १९ हजार मॅन्युअल गाड्या बेल हाउसिंगमधल्या (क्लचभोवतीच्या कवचातल्या) रबरी बेलोच्या तपासणीसाठी स्वतःहून परत बोलावल्या होत्या. अमेरिकेत जीप रँग्लर आणि ग्लॅडिएटरच्या मॅन्युअल गाड्यांत प्रेशर प्लेट तापून फुटण्याचा आणि त्यातून आग लागण्याचा धोका निघाला. आधीच्या रिकॉलमध्ये क्लच तापला की इंजिनाचा जोर कमी करणारं सॉफ्टवेअर टाकलं, आणि २०२३मध्ये सुमारे ६९ हजार गाड्यांसाठी पुन्हा रिकॉल काढावा लागला. आधी दुरुस्त केलेल्या गाड्याही त्यात आल्या. म्हणून मी दर दोन महिन्यांनी चेसिस नंबर टाकून बघतो. आपल्याकडेही २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आहे आणि त्याखाली सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. काउंटरवर या कलमाचं नाव घेतलं की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलं आहे.

आता माझ्या बाजूचं. दोष सिलिंडरचा होता, पण पहिल्या पावसाळ्यात मीही त्या क्लचला मारलं. शेजारच्यांचा फसलेला पिकअप मी टू-व्हीलमध्येच, म्हणजे दोनच चाकांच्या जोरावर, क्लच धरून धरून, ओढून काढला होता. आपली काळी माती टायरच्या खाचांत कणकेसारखी भरते, चाक गुळगुळीत होतं, आणि माणूस क्लच-अॅक्सिलरेटरचा खेळ करत बसतो. आता पांदणीच्या तोंडाशीच थांबतो, न्यूट्रलमध्ये घेऊन फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, टाकतो. चाकाला जवळपास अडीच पट जोर मिळतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण काढला तरी गाडी बंडीच्या चालीनं आपली आपण सरकते. चिखलात मधेच लिव्हर ओढायला गेलात तर उशीर झालेला असतो. डांबर लागलं की लगेच टू-व्हील. कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर ठेवली तर वळणावर गाडी आखडते.

संशय आला तर मोकळ्या सपाट जागी, पुढे-मागे कुणी नाही हे बघून, हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. इंजिन चालतच राहिलं तर प्लेट घसरतेय. हे एकदाच करा, वारंवार केलं तर त्यानंच प्लेट जळेल.

यंदाचा पावसाळा पूर्ण गेला. पोळ्याच्या आठवड्यात झड लागली होती, तेव्हा पांदणीतून दिवसाला चार-चार खेपा झाल्या. पेडल शेवटपर्यंत झटकन वर येत राहिला, वास एकदाही आला नाही. क्लचच्या तेलाची पातळी दर पंधरा दिवसांनी बघतो, अजून खाली गेलेली नाही. जुनी प्रेशर प्लेट कोठ्यात ठेवली आहे. प्लेटच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं की नाही, ते तोड आटोपली की ठरवेन.