नॅरोबोट, सहा माणसं आणि अख्खा हंगाम: वापरानंतरचा अनुभव

इंग्लंडच्या कालव्यांवर वसंतापासून पानगळीपर्यंत आम्ही एक नॅरोबोट भाड्याने ठेवली होती. बोट तीच राहिली, माणसं आलटूनपालटून येत गेली. पण बोटीवर बहुतेक वेळा सहा जण असायचे. आता निवांतपणे मत सांगू शकतो. या प्रवासात काम भरपूर आहे, आणि मला तो इतका आवडला तो त्या कामामुळेच. चौघांपासून सहा जणांपर्यंत गट असेल आणि सगळ्यांची हात लावायची तयारी असेल, तर मी डोळे मिटून शिफारस करेन.

बोट कशी असते ते आधी समजून घ्या. आमची ५७ फूट लांब होती, रुंदी मात्र जेमतेम ६ फूट १० इंच. अठराव्या शतकात बांधलेली अरुंद लॉक (दोन्ही टोकांना गेट असलेली कुंडं, ज्यात पाण्याची पातळी बदलून बोट वर किंवा खाली नेतात) ७ फूट रुंदीची आहेत, म्हणून बोटीही तेवढ्याच. आत सगळं एका रांगेत येतं आणि एकाला जायचं तर दुसऱ्याने अंग चोरून उभं राहावं लागतं. कडक सुटकेस अजिबात आणू नका. घडी घालून पलंगाखाली सरकवता येतील अशा कापडी बॅगा आणा. ज्यांना रोज थोडा वेळ दार लावून एकटं बसायला लागतं, त्यांना हे जड जातं.

वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. प्रत्यक्षात तेवढाही मिळत नाही, कारण काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद ठेवावं लागतं, नाहीतर लाटेने त्यांचे खुंटे उपटतात. दिवसाचा हिशेब करायची तिथली पद्धत आम्हाला फार उपयोगी पडली: मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तिला तीनने भागा, तेवढे तास. दहा मैल आणि आठ लॉक असतील तर सहा तास धरून चाला. या संथपणाचा एक फायदा मला आधी कोणी सांगितला नव्हता. कालव्याच्या कडेने पायवाट असते आणि चालणारा माणूस बोटीच्या बरोबरीने राहतो. कोणाचं कोणाशी बिनसलं की तो खाली उतरून चालायला लागायचा आणि पुढच्या लॉकवर भेटायचा. तिथे गेट ढकलायला दोघं लागतातच, त्यामुळे अबोला फार टिकत नसे.

लॉक हाच या प्रवासाचा गाभा आहे. बोट आत घ्यायची, गेट लावायचं, विंडलास नावाच्या हँडलने पॅडल, म्हणजे पाण्याची झडप, उचलून पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि पातळी सारखी झाली की पुढचं गेट उघडायचं. वाचायला सोपं वाटतं, पण उतरताना खरी काळजी घ्यावी लागते. वरच्या गेटच्या आतल्या बाजूला दगडी उंबरा असतो. पाणी उतरत असताना बोटीचं मागचं टोक त्यावर अडकलं, तर पुढचं टोक खाली जात राहतं आणि बोट बुडू शकते. भिंतीवर पांढरी खूण असते, मागचं टोक तिच्या पुढेच राहिलं पाहिजे. पॅडलवर उभ्या असलेल्या माणसाने नजर बोटीवरून हलवायची नाही, आणि सुकाण्यावरच्याने हात वर केला की काही न विचारता सगळी पॅडल खाली टाकायची, हा आमचा नियम होता. लॉकवर असताना फोन आणि गप्पा बंद. गटात एखादा जण हे मानणारा नसेल तर त्याला विंडलास देऊ नका.

गटाची खरी किंमत कळली ती टार्डबिगला. वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर जेमतेम सव्वादोन मैलांत ३० लॉक आहेत आणि बोट ६७ मीटर चढते. दोघंच असतील तर दिवसभर जीव काढणारं काम. आम्ही दोघांना पुढे पाठवून पुढचं लॉक तयार ठेवायचो, दोघं हातातलं लॉक चालवायचे, एक जण मागची गेटं लावत यायचा आणि एक सुकाण्यावर. काकांनी सकाळी सांगितलं होतं की पाच लॉक झाली की मी बसणार. वरच्या टोकाला सगळ्यात शेवटचं गेट त्यांनीच लावलं. याच जागी १९४५ मध्ये लेखक टॉम रोल्ट आणि रॉबर्ट एकमन पहिल्यांदा भेटले आणि पुढच्या वर्षी कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी राहिली. कालवे मोडीत निघण्याच्या त्या काळात ही माणसं उभी राहिली नसती, तर आज कितीतरी वाटा बुजलेल्या असत्या. त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

हेअरकासल बोगद्याबद्दल आधीच सांगतो. सुमारे २.७ किलोमीटर लांब, एका वेळी एकाच दिशेने वाहतूक, आत जवळजवळ चाळीस मिनिटं अंधार, आणि लोहखनिजामुळे पाणी गंजासारखं नारिंगी. काकूंना बंदिस्त जागेची भीती वाटते, म्हणून त्या आणि वहिनी टेकडीवरच्या रस्त्याने चालत पलीकडे आल्या. पूर्वी बोटी ओढणारे घोडेही असेच वरून नेत असत. वेल्समधला पाँटकसिल्टे जलसेतू, म्हणजे कालवा दरीवरून नेणारा पूल, प्रसिद्ध आहे, त्यामुळे थोडक्यात: १८०५ सालचा, ३८ मीटर उंच, आणि एका बाजूला कठडाच नाही. लहान मुलं असतील तर त्यांना आत बसवा.

रोजची कामं वाटून घ्या, आणि लेखी वाटा. शौचालयाची टाकी रिकामी करणं हे काम दर वेळी एकाच्याच गळ्यात पडलं तर भांडण ठरलेलं. पाण्याची टाकी भरायला वेळ लागतो, त्यामुळे अंघोळी आटोपशीर हव्यात. बॅटऱ्या इंजिन चालवल्यावर चार्ज होतात आणि बांधलेल्या बोटीत रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायला मनाई आहे, तेव्हा फोन दिवसाच भरून घ्या.

ज्यांच्याकडून बोट घेतली त्यांच्याबद्दल एक तक्रार आहे. त्यांनी घाईघाईत सगळं दाखवलं आणि वीड हॅचबद्दल, म्हणजे बोटीच्या पंख्यावरच्या झाकणाबद्दल, चकार शब्द काढला नाही. पंख्यात प्लास्टिक किंवा दोरी गुंतली की तिथूनच हात घालून काढावी लागते. इंजिन बंद करून किल्ली खिशात घातल्याशिवाय हात घालू नये, आणि झाकण पुन्हा पक्कं बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, नाहीतर पाणी आत येतं. तुम्ही हे स्वतःहून विचारून घ्या.

काळ निवडताना लक्षात ठेवा की नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीसाठी बरीच लॉक बंद असतात, आणि कोरड्या उन्हाळ्यात जलाशय आटले तरी काही मार्ग बंद होतात. एका अरुंद लॉकच्या भरण्याला साधारण एक लाख लिटर पाणी जातं. म्हणून समोरून बोट येताना दिसली आणि लॉक तिच्या बाजूने तयार असलं, तर थांबा आणि तिला आधी येऊ द्या. कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर बंद मार्गांची यादी असते. ती आम्ही रोज रात्री बघायचो, आणि दुसऱ्या दिवशीचा बेत त्यानंतरच ठरायचा.