थेसालोनिकीचा ज्यू हेरिटेज वॉक: घ्याच, पण म्युझियम आधी करा

ग्रीसला जाणारी आपली मंडळी अथेन्स, सँटोरिनी करून परत येतात. थेसालोनिकीला गेलीच तर व्हाइट टॉवरसमोर फोटो, एक बुगात्सा (तिथली भरलेली पेस्ट्री), आणि पुढे बीचवर. म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. आम्ही तिथे एक गाइडेड ज्यू वॉक घेतला, असे वॉक बरेच जण करतात त्यामुळे गाइडचं नाव देत नाही, आणि त्याच्या आदल्या दिवशी ज्यू म्युझियम बघून घेतलं होतं.

पहिलं म्हणजे, प्रागसारखा जुना ज्यू मोहल्ला बघायला मिळेल अशा अपेक्षेने जाऊ नका. तसं इथे उरलेलंच नाहीये. १९१७ च्या आगीत शहराचा मधला भाग जळाला, त्यात तीसेक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, गेले, आणि बाकीचं दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी संपवलं. गाइडशिवाय फिरलात तर बँका, कपड्यांची दुकानं आणि कॅफे एवढंच दिसेल. जे नाहीये ते दाखवायचं हेच इथल्या गाइडचं काम, आणि त्यासाठी पैसे मोजायला माझी काही हरकत नाही.

म्युझियम आगिउ मिना रस्त्यावर आहे, आगीतून वाचलेल्या मोजक्या बिल्डिंगांपैकी एक, आधी तिथे बँक ऑफ अथेन्स होती आणि 'लँदेपांदां' नावाच्या ज्यू पेपरचं ऑफिस पण. तळमजल्यावर जुन्या स्मशानातल्या समाध्यांचे दगड मांडलेत आणि बाजूला त्याच स्मशानाचे जुने फोटो, इथे घाई करू नका. वरच्या मजल्यावर सगळी स्टोरी: १४९२ ला स्पेनने ज्यूंना हाकललं, ऑटोमन म्हणजे तुर्की राज्यात जागा मिळाली, मग हे लोक लोकरीचं कापड विणून सुलतानाच्या जानिसारी फौजेला युनिफॉर्मसाठी पुरवायचे. बंदरातले हमालसुद्धा ज्यू, त्यामुळे शनिवारी, म्हणजे शब्बाथला, ज्यूंच्या सुट्टीच्या दिवशी, बंदरच बंद! १९१३ च्या शिरगणतीत दीड लाखाच्या वर वस्ती, त्यात ६१ हजारांवर ज्यू, म्हणजे शहरात सगळ्यात मोठा समाज हाच. अलिबागकडचे बेने इस्रायली घरात मराठी बोलतात हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे इथे घराघरात लादिनो म्हणजे जुनी स्पॅनिश चालायची याचं मला फार नवल वाटलं नाही, पण ती साडेचारशे वर्षं टिकली हे मात्र भारी वाटलं.

आता वॉक. सुरुवात एलेफथेरियास चौकातून. ११ जुलै १९४२, शनिवार, जर्मनांनी नऊएक हजार ज्यू पुरुषांना इथे भर उन्हात उभं केलं, मारलं, कवायती करायला लावल्या, का तर मजुरीसाठी नावं नोंदवायची म्हणून. मुद्दाम शब्बाथचा दिवस. नंतर कित्येक वर्षं हाच चौक गाड्यांचं पार्किंग होता, ऐकून डोकंच सटकतं. कोपऱ्यात नांदोर ग्लिड या शिल्पकाराने केलेलं स्मारक आहे, ज्वाळा आणि माणसांची शरीरं एकमेकांत गुंतलेली. त्यानंतर मार्च १९४३ पासून ऑगस्टपर्यंत ट्रेन भरभरून जवळपास ४६ हजार लोक नेले, बहुतेक सगळे आउश्वित्झ-बिर्केनाऊ या नाझींच्या मृत्यूछावणीत. परत आले ते दोन हजारसुद्धा नाहीत.

पण मला जास्त लागलं ते युनिव्हर्सिटीचं. अॅरिस्टॉटल युनिव्हर्सिटीचा कॅम्पस जुन्या ज्यू स्मशानावर उभा आहे. तीन लाखांहून जास्त कबरी असतील असा अंदाज, डिसेंबर १९४२ मध्ये जर्मनांच्या परवानगीने सगळं उखडलं, आणि ते दगड चर्चच्या दुरुस्तीपासून फरसबंदीपर्यंत कुठे कुठे वापरले गेले. म्हणजे हे काम फक्त जर्मनांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही, गावातल्या लोकांनाही ती जागा हवीच होती. कॅम्पसमधलं स्मारक बसलं २०१४ ला. आमच्या गाइडने हे न लपवता सांगितलं, स्वतः ग्रीक असून, त्याबद्दल त्याला फुल मार्क.

मोनास्तिर सिनेगॉग आम्ही आतून बघितलं, १९२७ चं, रेड क्रॉसने गोडाऊन म्हणून वापरलं म्हणून युद्धात वाचलं. बाहेरून साधंच दिसतं. मग मोदियानो मार्केट, १९२० च्या दशकात एली मोदियानो या ज्यू आर्किटेक्टने बांधलेलं, २०२२ ला नव्याने उघडलं, आता चकाचक फूडकोर्टसारखं झालंय. काचेचं छप्पर मस्त आहे, बाकी मला फार भावलं नाही, नवऱ्याला आवडलं कारण तिथे बसायला मिळालं.

गाइडबद्दल तक्रार एकच. १९४३ वर तो इतका वेळ थांबला की वासिलिसिस ओल्गास रस्त्यावरचे श्रीमंत ज्यूंचे बंगले राहूनच गेले. ते आम्ही नंतर बसने जाऊन बघितले आणि खरं सांगू का, तेच सगळ्यात आवडले. कासा ब्यांका नावाचा पांढरा बंगला आहे, फर्नांदेझ कुटुंबाचा. त्यांची मुलगी अलीन एका ख्रिश्चन ग्रीक ऑफिसरसोबत पळून गेली, तेव्हा शहरभर बोंब झाली होती म्हणे. तिचे वडील १९४३ ला इटलीत माज्जोरे सरोवराकाठी नाझींच्या हातून मारले गेले, ती मात्र वाचली आणि पुढे बरीच वर्षं याच बंगल्यात राहिली. आता तिथे महापालिकेची आर्ट गॅलरी आहे. लोक इथे प्रेमात पडायचे, भांडायचे, कारखाने काढायचे, हे कळल्याशिवाय नुसता मेलेल्यांचा आकडा ऐकून काय कळणार? बुक करताना आधीच विचारा की बंगले दाखवणार का, नाही म्हणाले तर दुसरा गाइड बघा.

लहान मुलांना नेऊ नका, कंटाळतील आणि काही गोष्टी त्यांनी ऐकण्यासारख्या नाहीत. म्युझियम शनिवारी बंद असतं, ज्यू सणांनाही, तेव्हा त्यांच्या साइटवर वेळ बघूनच निघा. सिनेगॉग आतून बघायचं तर आधी ईमेल करून विचारा आणि पासपोर्ट जवळ ठेवा, सिक्युरिटी असते.