मुलाच्या हाती कोणता फोन: आपला, बटणांचा की फॅमिली लिंक लावलेला?

मूल तिसरी-चौथीत गेलं की हा प्रश्न घरात येतोच. गृहपाठ आईच्या व्हॉट्सॲपवर येतो, क्लासची वेळ बदलल्याचा निरोपही तिथेच, आणि फोन हळूहळू मुलाच्याच हातात राहू लागतो. मग कुणी बटणांचा फोन सुचवतं, तर कुणी घरात पडून असलेला जुना स्मार्टफोन, त्यावर गूगलचं फॅमिली लिंक हे पालकांच्या देखरेखीचं ॲप लावून. चर्चा मात्र अडते ती ‘रोज किती वेळ’ यावर. वेळेचं महत्त्व आहेच, पण माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी बघायला हव्यात: या फोनवरून आपल्या मुलापर्यंत कोण पोचू शकतं, आणि मुलाची माहिती कुठे जाते.

या कसोटीवर सगळ्यांत कच्चा ठरतो तो सगळ्यांत सोयीचा पर्याय, म्हणजे आईबाबांचाच फोन. त्यावरचं खातं चाळिशीतल्या माणसाचं असतं. जन्मतारीख मोठ्या माणसाची, म्हणून व्हिडिओ आणि जाहिरातीही मोठ्यांच्या, आणि कंपन्यांनी मुलांसाठी केलेली बंधनं तिथे लागूच होत नाहीत. शिवाय त्याच फोनवर यूपीआय, बँकेचे ओटीपी, आजीचे रिपोर्ट, घरातले सगळे फोटो. अनोळखी नंबरवरून आलेला व्हिडिओ कॉलही मूलच उचलणार.

तरी सहा वर्षांखालच्या मुलाला वेगळा फोन देण्यात अर्थ नाही. आपलाच फोन द्यायचा तर त्यावर यूट्यूब किड्स ठेवावं आणि ॲप पिन करून द्यावं, म्हणजे पडद्यावर तेवढंच ॲप राहतं. बाहेर पडताना फोनचा पिन मागण्याची सेटिंग चालू ठेवली, तर मूल त्यातून बाहेर पडत नाही. किड्समध्ये शोध बंद करता येतो, आणि आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशीही सोय आहे. तिथे कॉमेंट नाहीत. जाहिराती असतात, पण मुलाची आवड हेरून दाखवलेल्या नसतात. एक गोष्ट मात्र आवर्जून करा. पालकांच्या सेटिंगचं मूळ कुलूप म्हणजे एक गुणाकार असतो, आणि आपल्याकडे दुसरी-तिसरीतल्या मुलांचे पाढे पाठ असतात. तिथे स्वतःचा पासकोड घाला.

बटणांचा फोन खासगीपणात सरस आहे. क्लासला किंवा खेळायला एकटं जाणाऱ्या मुलाला घरी फोन करता आला, एवढीच गरज असेल तर तोच घ्यावा. घेताना बघून घ्या, कारण काही ४जी बटणफोनांत यूट्यूब आणि व्हॉट्सॲपही असतं. सिम आपल्याच नावावर राहणार, १८ वर्षांखालच्यांना ते मिळत नाही. ‘वीज कापली जाईल’, ‘खातं बंद होईल’ असे खोटे फोन मात्र यावरही येतात. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी शिकवायला हवं.

नऊ-दहा वर्षांनंतर, अभ्यासासाठी इंटरनेट खरंच लागत असेल तर मी तिसऱ्या पर्यायाच्या बाजूची आहे: जुना अँड्रॉइड फोन पूर्ण रीसेट करून त्यावर मुलाचं स्वतःचं, खऱ्या जन्मतारखेचं खातं, आणि गूगलचं फॅमिली लिंक. ते फुकट आहे. नवीन ॲप घ्यायला आपली परवानगी लागते, रात्री फोन ठरल्या वेळी बंद होतो, मूल कुठे आहे ते दिसतं. यूट्यूब किड्सऐवजी पालकांच्या देखरेखीतलं यूट्यूब द्यायचं असेल तर त्यात तीन पायऱ्या आहेत: पहिली साधारण नऊ वर्षांपासून, दुसरी तेरापासून, तिसरी जवळजवळ सगळं यूट्यूब. पहिलीवरच थांबा.

पालकाकडे आयफोन असला तरी फॅमिली लिंक चालतं. उलट मुलाला अमेरिकेतल्या मावशीचा जुना आयफोन मिळाला असेल, तर ॲपलच्या ‘स्क्रीन टाइम’ या सोयीतून लांबून लक्ष ठेवायला पालकाकडेही ॲपलचंच उपकरण लागतं. तसं असेल तर ती व्यवस्था उत्तम आहे, नग्न चित्र आलं तर ते फोनच धूसर करतो.

फॅमिली लिंकमधून मुलाचे मेसेज वाचता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. बाजारात सगळे मेसेज चोरून दाखवणारी ॲप मिळतात. ती घेऊ नका. मुलाचं अख्खं बोलणं एका तिऱ्हाईत कंपनीच्या सर्व्हरवर जातं, आणि मुलाला कळलं की ते पुढची गोष्ट लपवतं. कुणी अनोळखी माणसाने फोटो मागितला, तर ते सांगायला मूल आपल्याकडे यायला हवं. त्या क्षणी कुठलंही ॲप कामाला येत नाही. म्हणून फोन लावतानाच मुलाला शेजारी बसवून दाखवा, आम्हाला काय दिसेल आणि काय दिसणार नाही.

व्हॉट्सॲपचं नेहमीचं खातं १३ वर्षांखाली नाही. तोवर गृहपाठ आपल्याच फोनवर घेऊन मुलाला दाखवावा. तेरानंतर दिलंत तर ग्रुपमध्ये कोण घालू शकतं आणि प्रोफाइल फोटो कुणाला दिसतो, ही दोन्ही सेटिंग ‘माझे संपर्क’वर आणा, अनोळखी कॉल गप्प करा. शाळेच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, हेही लक्षात असू द्या.

खरी जन्मतारीख घालायला सांगते त्याला आणखी एक कारण आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. काही सवलती सोडल्या, तर त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती हवी, त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला बंदी आहे, आणि दंड २०० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. खात्यावर वय खोटं असेल तर मुलाला हे संरक्षण मिळणार तरी कसं?

फोन कोणताही द्या, त्यात आपल्या नंबरांसोबत १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन सेव्ह करून द्या. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो. धमकी किंवा नको ते फोटो असा प्रकार झाला तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, मुलांच्या लैंगिक फोटो-व्हिडिओंची तर नाव न सांगताही. तोवर चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.